आरा

चिआतुरात दोन कडे आणि मधे खाण.
वर वस्ती, खाली शाळा, मधल्या हवेत
दोरावरून जाणारे डबे.
नुत्सा त्यात कोपऱ्यात उभी राहते, दप्तर पोटाशी,
चौदाव्या वर्षी अंगाला जेवढी जागा लागते
त्याहून थोडी कमीच घेते.

मंगळवारी शाळेच्या तळघरात लामारा शिकवते.
एरवी इस्पितळात नर्स; म्हातारे उचलून उचलून
तिचे खांदे दारासारखे झालेत.
चटया कुस्तीच्या पोरांनी टाकून दिलेल्या.
घामाचा, ओल्या भिंतीचा, कुणाच्या तरी लसणाचा वास.
नुत्साला वाटलं, आता ठोसा शिकवतील.
लामारा म्हणाली, "पड."

पाच आठवडे नुसतं पडणं.
हनुवटी छातीला, पाठ गोल, तळवा जमिनीवर थाड्.
"जमिनीला तू आधी मार," लामारा म्हणायची,
"मग ती तुला कमी मारते."
कमरेवर निळे डाग उमटले,
आईला सांगितलं, बाकावर आपटले.

मग मनगट.
पकड कितीही मोठ्या हाताची असो,
अंगठा आणि बोटं भेटतात तिथे एक फट असते.
ओढू नकोस, तिकडे वळव.
ताकद लागते. लागत नाही म्हणणारे खोटं बोलतात.
पण दार कुठे आहे ते कळलं की कमी लागते.
जोडीला मारेखी, बेकरीवाल्याची, पिठाच्या पोत्यांवर वाढलेली;
तिच्या मुठीतून पहिल्यांदा हात सुटला
तेव्हा दोघी त्या हाताकडेच बघत बसल्या,
रस्त्यात सापडलेल्या वस्तूकडे बघावं तसं.

सगळ्यात अवघड निघाला आवाज.
त्यांच्या भाषेत 'नाही'ला म्हणतात आरा.
दोनच अक्षरं, चाकातल्या आऱ्यासारखी ताठ.
नुत्साच्या तोंडून मात्र शब्द अंग चोरून यायचा,
शेवटी प्रश्नचिन्ह घेऊन,
जणू दुकानात विचारतेय, सुट्टे आहेत का?
"परवानगी मागतेस होय?"
लामारा पार पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकायची.
"मला इथवर ऐकू आलं पाहिजे. आणि तुलाही."

जानेवारीत पायऱ्यांवर बर्फ.
नुत्सा घसरली. हनुवटी, पाठ, थाड्.
उठली तर काखेतला पाव अख्खाच.
एकटीच हसली, कुणाला सांगितलं नाही.

मग मावसभावाच्या बाळाचा बाप्तिस्मा.
लांबच लांब टेबल, वाइनचे घडे, अक्रोडातली वांगी,
आणि गुराममामा, दरवर्षीसारखा मनगट धरून:
"चल गं, माझ्या दोस्तांना पापा दे."
दरवर्षी ती गेली होती.
दरवर्षी सगळे हसले होते.

अंगठ्याकडे वळवलं.
"आरा."

फार मोठ्यानं आलं नाही. सरळ आलं.
भाषण करणाऱ्याचा पेला अर्ध्यावर थांबला.
गुराममामा आपली रिकामी मूठ बघत राहिला,
आत्ता तर इथे काहीतरी होतं.
कुणी खोकलं. कुणी मीठ मागितलं.
टेबलाखाली नुत्साचे गुडघे लटलटत होते,
आणि लामाराचं एक वाक्य कानात:
थरथरू देत की. उभे आहेत ना?

रात्री भांडी घासताना आई ब्र काढेना.
शेवटचं पातेलं उपडं घातलं,
नळ बंद केला,
आणि स्वतःचं मनगट पुढे धरलं.
"धर. कुठे वळवायचं ते सांग."

नुत्सा म्हणाली, "साबणाचा हात चालत नाही,
तो आपोआपच सुटतो.
पूस आधी."